वीज कुठपर्यंत पोचली?

मागच्या महिन्यात पुण्यातल्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात साधी केबल आणायला गेले होते. माझ्या पुढे एक काका उभे होते, सत्तरीच्या पुढचे. सोलापुरी चादरीत कॉम्प्युटरचं कॅबिनेट बांधून, वरच्या गाठीला धरून त्यांनी ते रिक्षातून आणलं होतं. "चालूच होत नाही," एवढंच ते म्हणाले. काउंटरवरच्या मुलाने गाठ सैल केली, मागे केबल खोचली, पुढचं बटण दाबलं. काही हललं नाही. पुन्हा दाबलं. मग केबल उपसून घेत तो म्हणाला, "काका, मदरबोर्ड गेलाय. ह्याचा बोर्ड आता मिळत पण नाही. नवीनच घ्या." आणि लगेच माझ्याकडे मान वळवून, "हां मॅडम, बोला." सगळं मिळून मिनिटभरही लागलं नसेल. काकांनी चादरीची गाठ परत मारली, घट्ट बसली ना हे ओढून पाहिलं, आणि कॅबिनेट छातीशी धरून हळूहळू पायऱ्या उतरायला लागले.

मी केबलचं सोडून त्यांच्या मागे गेले. पायरीवर गाठून विचारलं, "काका, चालू असताना बंद पडलं, की बंद होतं ते चालू झालं नाही?" ते थांबले. हा प्रश्न त्यांना आवडला असावा, कारण कॅबिनेट कठड्यावर टेकवून त्यांनी नीट आठवून सांगितलं. "मुलाकडे बंगळुरूला गेलो होतो, दीड-दोन महिने. जाताना मेन स्विच बंद करून गेलो. आदल्या दिवशीपर्यंत छान चालत होतं हो. आल्यावर लावलं तर एकदम गप्प." मी एका चिठोऱ्यावर 'आधी एसएमपीएस बदलून पाहणे' असं लिहून दिलं आणि का ते सांगितलं. एसएमपीएस म्हणजे भिंतीची वीज घेऊन आतल्या सगळ्या भागांना पुरवणारा कॅबिनेटमधला डबा. त्यांनी चिठोरं घडी करून खिशात ठेवलं. "मुलगा म्हणतो टाकून द्या, लॅपटॉप पाठवतो. पण ह्यावर हिचे सगळे फोटो आहेत," म्हणाले आणि रिक्षात बसले.

तेव्हापासून चुटपुट लागून राहिली आहे. तो मुलगा चुकलाच असं मला म्हणायचं नाही, बोर्ड खरंच गेलेलाही असेल. पण काकांनी पायरीवर जे सांगितलं त्यात बिघाडाचा अर्धा पत्ता होता आणि काउंटरवर तो त्यांना कुणी विचारलाच नाही.

हार्डवेअरचा कोर्स करून मी काही वर्षं एका असेंबलिंगच्या दुकानात काम केलं. तो काळ असेंबल्ड कॉम्प्युटरचा होता. ब्रँडेड मशीन घेणारे म्हणजे बँका आणि कंपन्या, बाकी सगळे आमच्याकडे यायचे. माल मुंबईहून, लॅमिंग्टन रोडवरून यायचा. दुकान दुसऱ्या मजल्यावर, खिडकी एकच, आणि त्या खोलीत कायम सोल्डरिंगच्या राळेचा नि थिनरचा वास भरलेला. तिथे ज्यांच्या हाताखाली मी शिकले त्यांना सगळे दादा म्हणायचे. दादांच्या टेबलावर एक पिवळा मल्टिमीटर, रंगकामाचा एक ब्रश, एक खोडरबर आणि एक मळकी वही असायची. मशीन टेबलावर आलं की स्क्रू ड्रायव्हरला हात लावायला बंदी होती. आधी वही. शेवटचं कधी चालू होतं? त्यानंतर काय झालं? पाऊस, लाइट जाणं, घराचं रंगकाम, मुलाने बसवलेली नवी रॅम, टेबल हलवणं, काहीही. गिऱ्हाईक वैतागायचं, "अहो, तुम्ही उघडून बघा ना!" दादा मान डोलवायचे आणि पुढचा प्रश्न विचारायचे.

'चालू होत नाही' असं म्हणत येणाऱ्यांतल्या कितीतरी जणांचं मशीन चालू होत असायचं, हे मी तिथेच पाहिलं. पंखा फिरतोय, पुढचा दिवा लागलाय, फक्त पडद्यावर काही नाही. घरच्या माणसाच्या लेखी दोन्ही सारखंच, पण दुरुस्त करणाऱ्याच्या दृष्टीने हे दोन वेगळे रस्ते. दुकानाच्या भाषेत एक 'नो डिस्प्ले' आणि दुसरा 'नो पॉवर'. नो डिस्प्लेला आधी रॅम काढायची, तिच्या सोनेरी दातांवरून खोडरबर फिरवायचा, कण झटकायचे, आणि दोन्ही बाजूच्या कड्या खटकन लागेपर्यंत दाबून परत बसवायची. आतला छोटा स्पीकर किती वेळा आणि कसा वाजतो ते ऐकायचं. दमट हवेत त्या दातांवर एक न दिसणारा थर बसतो, पावसाळ्यात दुकानात नुसत्या खोडरबरावर कितीतरी मशीन्स उठलेली मी पाहिली आहेत. नो पॉवर मात्र निराळं. तिथे काही फिरत नाही, वाजत नाही, उजळत नाही. अशा मशीनसमोर दादा एकच गोष्ट विचारायचे. वीज कुठपर्यंत पोचली?

हा प्रश्न नीट कळायला त्या पुढच्या बटणाचं काम कळावं लागतं. 'एटी' नावाच्या जुन्या पद्धतीच्या कॅबिनेटमध्ये ते खरोखरीचं २३० व्होल्टचं बटण होतं. मागच्या एसएमपीएसमधून एक जाड केबल पुढच्या पॅनलपर्यंत यायची, खट्ट दाबलं की वीज सुरू, परत खट्ट की बंद. म्हणून तर विंडोज ९५ 'शट डाउन' झाल्यावर काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरांत 'आता बंद करायला हरकत नाही' अशा अर्थाचं वाक्य दाखवून थांबून राहायचं, शेवटचं बटण माणसानेच दाबायचं. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स ही नवी पद्धत आणली आणि हे सगळं बदललं. आताच्या बटणामागे दोन बारीक वायरी असतात आणि त्यातून वीजपुरवठा जातच नाही. बटण दाबलं की त्या दोन वायरी क्षणभर जोडल्या जातात आणि बोर्डाला कळतं की मालकाला मशीन हवंय. बोर्ड मग एसएमपीएसकडून आलेली हिरवी वायर शून्यावर ओढतो, आणि तेव्हा कुठे एसएमपीएस पूर्ण जागा होऊन पिवळ्या वायरीवर १२ व्होल्ट, लालवर ५, नारिंगीवर ३.३ सोडतो. ते सगळे जागेवर स्थिरावले की एका राखाडी वायरीवरून बोर्डाला होकार जातो. सेकंदाच्या दहाव्या हिश्शापासून अर्ध्या सेकंदापर्यंतचा हा वेळ. त्यानंतर प्रोसेसर कामाला लागतो.

पण मशीन बंद असताना बोर्डाला बटणाचं ऐकू कसं येतं? तर एक जांभळी वायर कायम जागी असते. स्टँडबायचे ५ व्होल्ट. भिंतीवरचं बटण चालू आहे तोवर एसएमपीएसच्या आतला एक छोटा स्वतंत्र भाग रात्रंदिवस ही वायर जिवंत ठेवतो. आपण 'बंद' म्हणतो तो कॉम्प्युटर तसा बंद नसतोच. माझ्या लेखी सगळ्या गोष्टीतली ही सगळ्यात महत्त्वाची वायर. ती मेली तर बटण, बोर्ड, प्रोसेसर सगळं ठणठणीत असूनही मशीन दगडासारखं पडून राहतं, आणि बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, बोर्ड गेला.

दापोलीच्या माझ्या मावशीच्या मशीनचं नेमकं हेच झालं होतं.

मावशीचं दापोलीत डीटीपी सेंटर आहे. पुढची खोली सेंटरची, मागे घर. लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका, आरत्यांच्या पुस्तिका, नमनाच्या कार्यक्रमाची हँडबिलं, शाळांच्या प्रश्नपत्रिका, आणि कृषी विद्यापीठ गावातच असल्यामुळे पोरांचे प्रबंध. प्रबंध जमा करायच्या आदल्या रात्री तिच्या ओसरीवर विद्यार्थी चटया टाकून झोपलेले असायचे. तिचा काळा डेस्कटॉप मीच जोडून दिलेला, इंटेलचा ९४५ चिपसेटचा बोर्ड, विंडोज एक्सपी, पानं जुळवायला पेजमेकर, आणि वाजणारा टीव्हीएस गोल्ड कीबोर्ड, ज्याचा आवाज मागच्या दारी न्हाणीघरापर्यंत जातो. एक्सपीची देखभाल मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ ला थांबवली, तरी मावशीला त्याने फरक पडला नाही, कारण ते मशीन इंटरनेटला जोडलेलंच नव्हतं. तिची अडचण दुसरी होती. तिचे सगळे मराठी फॉन्ट युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या मशीनवर सारख्या चालणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीच्या, आधीचे. त्यांच्या सॉफ्टवेअरचं कुलूप, म्हणजे ज्याच्याशिवाय ते चालतच नाही असा एक तुकडा, मागच्या पॅरलल पोर्टात, जुन्या प्रिंटरच्या जागी, खोचलेलं. नव्या मशीनला तो पोर्ट नाही, आणि फाइल दुसरीकडे उघडली तर 'श्री गजानन प्रसन्न'च्या जागी इंग्रजी अक्षरांचा निरर्थक चुरा दिसतो. तेव्हा तिला कुणी "नवीन घ्या" म्हणणं सोपं होतं, तिने ते घेणं सोपं नव्हतं.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि शेजारच्या दापोली-मंडणगडलाही त्याने झोडपून काढलं. टाळेबंदी होतीच, त्यात हे. मावशीच्या आगरातल्या पोफळी एका दिशेने झोपल्या, पडवीचे पत्रे शेजारच्यांच्या विहिरीपाशी सापडले. कॉम्प्युटरवर तिने आधीच प्लॅस्टिक टाकून, दोरीने आवळून ठेवलं होतं, पाण्याचा थेंब आत गेला नाही. विजेचे खांब मात्र मोडून पडलेले. वीज यायला कित्येक दिवस लागले. कंदिलावर आणि मेणबत्त्यांवर दिवस काढून एकदाची लाइट आली तेव्हा मावशीने आधी देवापाशी निरांजन लावलं, मग पंप चालू केला, मग कॉम्प्युटर. त्या संध्याकाळी फोन आला. "अगं, फ्रिज आला, पंप आला, हे मेलं येत नाही." गावातल्या एकाला तिने फोनवर विचारलं होतं. त्याने सांगितलं की लाइट परत येताना हाय व्होल्टेज आलं असणार, बोर्ड उडाला, लॉकडाउन उठला की नवीन बघू.

पुण्याहून जाता येत नव्हतं. फोनची रेंज इतकी तुटक की व्हिडिओ कॉलचा प्रश्नच नाही. एरवी उंटावरून शेळ्या हाकणं मला अजिबात जमत नाही, समोरची वस्तू हातात घेतल्याशिवाय माझं डोकं चालत नाही. पण मावशीचे डोळे तरबेज. चाळीस पानी प्रबंधातली चुकलेली वेलांटी ती लांबून हेरते. मी म्हटलं, "मावशी, घाई नको. वीज कुठपर्यंत पोचतेय ते भिंतीपासून बघत येऊ."

भिंतीवरच्या प्लगात तिने टेबललॅम्प लावला, तो लागला. मग यूपीएस. तो लावल्याबरोबर चिरकत होता, कारण इतके दिवस रिकामी राहून त्याच्या बॅटरीने मान टाकली होती. तो बाजूला केला, कॅबिनेट थेट भिंतीला. काही नाही. केबल बदलली, मॉनिटरचीच केबल कॅबिनेटला लावली, दोघांना सारखीच लागते. काही नाही. मागच्या बाजूला एसएमपीएसचा छोटा काळा स्विच आडव्या रेघेवर आहे की गोलावर? "रेघेवर." ठीक. मग बाजूचं झाकण काढायला लावलं. दोन स्क्रू ती वाटीत ठेवते म्हणाली. बोर्डावर एक बारीक हिरवा दिवा असतो, जांभळी वायर जिवंत आहे याची खूण. "मावशी, खोलीतला दिवा घालव आणि आत बघ." थोडा वेळ फोनवर नुसता पावसाचा आवाज. "काळोख आहे गं. पण काहीतरी टिकटिकतंय." घड्याळ असेल म्हटलं. "घड्याळ कसलं, आतून येतोय." तिने फोन त्या डब्याला टेकवला, आणि मला दापोलीहून ऐकू आलं. टिक. टिक. टिक. एका लयीत, बारीक, नखाने पत्रा टिचकावल्यासारखं.

तो आवाज मी दुकानात ऐकलेला होता. एसएमपीएस उठायचा प्रयत्न करतो, जमत नाही, सोडतो, परत प्रयत्न करतो, त्याचा तो आवाज. म्हणजे भिंतीची वीज डब्यापर्यंत पोचत होती आणि डब्यातून बाहेर पडत नव्हती. तरी बोर्डच वीज खाली ओढत नाही ना, हे तपासायला हवं होतं. कारण बोर्डात शॉर्ट असेल तरी एसएमपीएस असाच कुढतो. प्लग काढून, बोर्डात बसलेला चोवीस पिनांचा मोठा कनेक्टर तिला मोकळा करायला लावला. त्याची कडी दाबून धरल्याशिवाय तो सुटत नाही आणि पहिल्यांदा करणाऱ्याला वाटतं आता बोर्ड मोडणार. मावशीला तो सुटला. मग हिरव्या वायरीचं भोक आणि शेजारच्या काळ्या वायरीचं भोक एकमेकांना जोडायचं होतं. घरात यू-क्लिप सापडेना. तिने अंबाड्यातला आकडा काढला, दाताने त्याच्या टोकाचं प्लॅस्टिक ओरबाडलं, दोन्ही भोकांत खोचला आणि मगच प्लग लावला. एसएमपीएसचा स्वतःचा पंखा फिरायला हवा होता. फिरला नाही. टिकटिक तशीच.

बोर्ड आता जोडलेलाच नव्हता, तेव्हा त्याच्यावर आळ घ्यायला जागाच उरली नाही. ते ऐकून मावशी पटकन म्हणाली, "मग डबा उघडू का? स्क्रू ड्रायव्हर हातातच आहे." मी जवळजवळ ओरडलेच. एसएमपीएसच्या आत भिंतीच्या २३० व्होल्टचे साधारण सव्वातीनशे व्होल्ट डीसी होऊन मोठ्या कंडेन्सरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, साठलेले असतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ ते तिथेच राहू शकतात. कॅबिनेटमधली एवढी एकच वस्तू अशी आहे की जिला माहितीतल्या माणसाशिवाय कुणी उघडू नये. बाकी बोर्ड, रॅम, वायरी, सगळं मावशीच्या हाताला १२ व्होल्टच्या पलीकडे काही करू शकत नाही.

नवीन एसएमपीएस पाठवायचा कसा, ही पुढची पंचाईत. तोवर मी तिला एक गोष्ट करून पाहायला सांगितली. सगळं परत जोडायचं, प्लग लावायचा आणि बटण न दाबता तसंच राहू द्यायचं, पण खोली सोडायची नाही, वास किंवा धूर आला तर लगेच भिंतीवरचं बटण बंद. "मी इथेच तांदूळ निवडत बसते," ती म्हणाली. दोन-अडीच तासांनी फोन. टिकटिक आधी भराभर झाली होती, मग थांबली होती, आणि आतमध्ये हिरवा दिवा लागला होता. "आता दाबू?" दाब म्हटलं. पंखे घुरघुरले, एक छोटी शिटी वाजली, आणि एक्सपीची निळी पट्टी सरकायला लागली, हे सगळं मी कानाने पाहिलं. त्या दिवशी तिने आधी पेनड्राइव्हवर सगळ्या फाइली उतरवून घेतल्या. रात्री प्लग काढला आणि सकाळी परत तेच, टिक, टिक, टिक.

वादळाने तिचं काहीच जाळलं नव्हतं. उलट, वीज थांबली म्हणून हे झालं. ती स्टँडबायची जांभळी वायर जिवंत ठेवणारे जे छोटे कंडेन्सर असतात त्यांच्यात एक द्रव असतो, आणि उष्णतेने तो वर्षानुवर्षं सुकत जातो. त्यांच्या माहितीपत्रकात १०५ अंशाला दोन हजार तास असं काहीतरी आयुष्य दिलेलं असतं. तापमान १० अंशांनी कमी ठेवलं की ते साधारण दुप्पट होतं, म्हणून प्रत्यक्षात ते पुष्कळ टिकतात. पण वर्षाचे तास ८७६० असतात आणि मावशीचं मशीन बंद असतानाही हा भाग कधीच बंद नव्हता. सुकलेला कंडेन्सर उबदार असेपर्यंत कसाबसा काम निभावतो, एकदा पूर्ण थंड पडला की त्याला पहिली उचल घेता येत नाही. रोज थोडा वेळ लाइट जाणं त्याने सोसलं होतं, इतके दिवस सलग गार पडून राहणं त्याला पहिल्यांदाच आलं. बंगळुरूला जाताना मेन स्विच बंद करून गेलेले काका म्हणूनच माझ्या डोक्यातून जात नाहीत.

पुण्याहून ताडपत्र्या आणि सौरदिवे घेऊन दापोलीला निघालेल्या एका टेम्पोत नवा एसएमपीएस गेला, वर्तमानपत्रात गुंडाळून, वरून मावशीचं नाव मोठ्या अक्षरांत. तो तिने स्वतः बसवला, फोन कानाशी खांद्याने धरून. चोवीस पिनांचा लावला, डिस्कचा लावला, आणि प्रोसेसरजवळचा चार पिनांचा छोटा १२ व्होल्टचा कनेक्टर, जो नवशिका हमखास विसरतो आणि मग पंखे फिरूनही मशीन उठत नाही, तो तिने मी सांगायच्या आधीच विचारला, "हा पिवळ्या-काळ्या वायरींचा चौकोनी उरलाय, तो कुठे?" चालू झाल्यावर तारीख कुठल्या तरी जुन्या जानेवारीची दाखवत होतं, कारण बोर्डावरचा सेलही दरम्यान संपला होता. सीआर २०३२, घड्याळजीकडेही मिळतो. तो बदलला तेव्हा बिलांवरची तारीख सुधारली.

जुना एसएमपीएस पुढे माझ्याकडे आला. आत साठलेली वीज पूर्ण उतरवून, मीटरने खात्री करून मी तो उघडला. पंख्याच्या जाळीला आतून कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलेलं, वाळून टणक झालेलं. धुळीचा नमदा. आणि कोपऱ्यात, बारक्या ट्रान्सफॉर्मरच्या शेजारी, करंगळीच्या पेराएवढा एक कंडेन्सर, टोपी जराशी फुगलेली, बुडाशी तपकिरी खरपुडी. नखाने खरवडली तर आंबूस, माशाच्या जवळ जाणारा वास आला. काही रुपयांची वस्तू. ती बदलली आणि डबा लगेच उठला. हातात तो फुगका तुकडा धरून मला आनंद झाला आणि रागही आला. एवढ्याशा गोष्टीसाठी मावशीची सगळी अक्षरं भंगारात जाणार होती.

राग त्या काउंटरवरच्या मुलावर नाही. मी त्या बाजूला उभी राहिलेली आहे. एक नो पॉवर मशीन नीट तपासायला अर्धा-पाऊण तास जातो, आणि शेवटी एसएमपीएस बदलून जे सुटतं त्यात दुकानाचं भाडंही निघत नाही. रांगेत पाच जण लॅपटॉपचे स्क्रीन घेऊन उभे असतात. जुना बोर्ड दुरुस्त करून दिला आणि आठवड्यात डिस्क गेली तर गिऱ्हाईक त्याच्याच नावाने खडे फोडणार. दादांचं दुकानही शेवटी बंद झालं, तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. हे सगळं मला मान्य आहे. तरीही दोन मिनिटं लागतात असं काही त्याला करता आलं असतं. झाकण काढून हिरवा दिवा बघायचा. डब्याला कान लावायचा. दुकानात चालू स्थितीतला एक एसएमपीएस पडलेला असतोच, तो टेबलावर ठेवून नुसत्या वायरी जोडून बघायच्या. आणि काहीच करायला वेळ नसेल तर निदान "बघितलं नाही, आज जमणार नाही" असं म्हणायचं. न बघता दिलेला निकाल घेऊन तो माणूस घरी जातो आणि कुणीतरी ठामपणे सांगितलंय म्हणून त्याच्याबरोबर डिस्कही भंगारवाल्याला देतो. मशीन नाहीच उठलं तरी डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली की फोटो बहुतेक वेळा तसेच्या तसे मिळतात, हे तरी त्या काकांना काउंटरवर ऐकायला मिळायला हवं होतं. चिठोऱ्यावर ते लिहायला जागा होती. मी ते मागच्या बाजूला लिहिलं, 'डिस्क कुणालाही देऊ नये'.

मावशीचं मशीन अजून चालतं. युनिकोडवर जायचं काम तिने एका भाच्याकडे सोपवलंय, ते रेंगाळलंय. दर पावसाळ्याआधी ती ब्रशने आतली धूळ काढते. मशीन रात्री भिंतीवरून बंद करायचं की नाही यावर आमचं एकमत नाही. मी म्हणते विजा कडकडत असताना प्लग काढलाच पाहिजे, ती म्हणते थंड पडलं की रुसतं. नव्या एसएमपीएसला ते लागू नाही हे तिला पटत नाही, आणि तिचा अनुभव पाहता मी फार ताणत नाही.

परवा बोलता बोलता तिने सांगितलं, जवळच्या वाडीतल्या शाळेच्या बाईंचा फोन आला होता. शाळेचा कॉम्प्युटर उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर चालूच होईना, कुणीतरी सांगितलं होतं की बोर्ड उडाला. मावशीने फोनवरच सुरुवात केली. प्लगात दुसरं काही लावून बघितलंत? केबल बदललीत? मागे काळा स्विच आहे, तो रेघेवर की गोलावर? बाईंनी टेबल ओढून पाहिलं. गोलावर. सुट्टीत वर्ग सारवून-झाडून घेताना कुणाचा तरी हात लागला असणार. मशीन लगेच चालू झालं. मावशीने पैसे घेतले नाहीत, पण यंदाच्या स्नेहसंमेलनाच्या पत्रिका तिच्याकडेच छापायच्या, हे बाईंकडून कबूल करून घेतलं.